दोऱ्याला टेकलं होतं

एका एक्स-रे सेंटरच्या रजिस्टरात, ‘दोरा’ असं वर लिहिलेल्या रकान्यात, मी एकदा बरोबरची खूण केली. ती खोटी होती. याला आता वीस-एकवीस वर्षं झाली. बायकोला सांगितलेलं नाही. ज्यांचं रजिस्टर होतं त्यांना तर नाहीच. त्यांनी विचारलं तेव्हा त्या खुणेवर मी आणखी एक खोटं चढवलं, आणि ते इतकं व्यवस्थित बोललो की त्यांचा विश्वास बसला. हे लिहितोय ते त्यांच्याबद्दल. माझ्याबद्दल जेवढं येईल तेवढं येईलच.

त्यांना सगळं नांदुरा ‘सर’ म्हणायचं. शिकवलं त्यांनी कुठेच नव्हतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं एक्स-रे सेंटर होतं. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत मशीन. मी डॉक्टर होऊन एक्स-रे वाचण्याचा डिप्लोमा नुकताच पास झालो होतो. अनुभव घ्यायचा म्हणून त्यांच्याकडे लागलो.

पहिल्या दिवशी मशीनचं बटण दाबणार तेवढ्यात ते ओरडले, “थांब बे!” आणि भिंतीला तळहात लावून उभे राहिले. पेशंट टेबलावर, मी बटणावर बोट ठेवून, आणि सर भिंतीची नाडी बघितल्यासारखे डोळे मिटून. अर्ध्या मिनिटानं मालगाडी धडधडत गेली. काचेची कपाटं वाजली. सगळं शांत झाल्यावर ते म्हणाले, “हं, आता मार.” गाडी येण्याआधी भिंतीला कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुष्कळदा हात लावून बघितला. मला गाडी आल्यावरच कळायचं.

मोठ्यांना ते सरसकट ‘तू’ म्हणत. तहसीलदारालाही. आठ वर्षांच्या आतल्या पोरांना मात्र ‘तुम्ही’. आणि मुलगा असेल तर ‘साहेब’, मुलगी असेल तर ‘बाईसाहेब’. “काऊन रडून राह्यल्या बाईसाहेब? थंडा लागला का टेबल? या, आधी तुमच्या चपलेचा फोटू काढू.” मग खरोखर चप्पल टेबलावर ठेवायची, मशीन वरखाली करायचं, “चप्पल एकदम तंदुरुस्त आहे” म्हणून सांगायचं. पोरगी हसली की सर मला डोळ्यानं खूण करत. यात लाडाचा भाग कमी होता. रडत्या पोराच्या मानेच्या फिल्मवर मणक्यांच्या पुढचा घशाचा भाग सुजल्यासारखा जाड दिसतो, आणि ज्याला माहीत नसेल त्याला वाटतं की आत रक्त साचलंय. सर म्हणत, “रडणं थांबू दे, श्वास आत घेऊ दे, मग काढ. नाही तं तू सुजेचा इलाज करशील आन लेकरू नुसतं रडून राह्यलं असन.”

लहान पोरांच्या माना हा त्यांचा खास विषय. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. झाडावरून पडलेलं, बैलगाडीतून पडलेलं, मोटरसायकलच्या टाकीवर बसवलेलं पोर, आसपासच्या चार तालुक्यांतले डॉक्टर त्यांच्याकडे पाठवत. “लेकरू म्हणजे लहान माणूस नसते,” ते म्हणायचे. “ते वेगळंच असते. डोकं मोठं, मान बारीक, हाडं अजून शिवून राह्यली.” उताणं झोपवलं की पोराचं मोठं डोकं हनुवटीला छातीकडे ढकलतं, म्हणून खांद्यांखाली ते घडी केलेली गोधडी सरकवत. ती गोधडी त्यांच्या आईची होती आणि सेंटरमधली तेवढी एकच वस्तू ते स्वतः धूत. दुसऱ्या मणक्याच्या बुडाशी दिसणारी काळी रेघ म्हणजे मोड नव्हे, वाढीची शिवण, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुस्तकातही ते होतंच, पण मला पुस्तकातून कळलं नव्हतं.

आणि दोरा.

लहान पोरांच्या मानेत दुसरा मणका तिसऱ्यावर थोडा पुढे सरकलेला दिसतो. पुष्कळ निरोगी पोरांत दिसतो, कारण सांधे सैल असतात. पण खरंच मोडलेल्या मानेतही तो असाच पुढे सरकतो. फिल्म दोन्हीकडे जवळजवळ सारखी. फरक कळायचा असेल तर पुढे बघायचं नाही, मागे बघायचं. पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीपासून तिसऱ्याच्या मागच्या कमानीपर्यंत सरळ रेघ धरायची आणि दुसऱ्याची कमान त्या रेघेपासून किती मागे राहते ते पाहायचं. बाकीचे हे पट्टीनं किंवा नजरेनं करत. सर दोऱ्यानं करत. त्यांच्या चष्म्याच्या डबीत काळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा असे. चष्मा कपाळावर ढकलून, नाक काचेला लागेल इतकं जवळ जाऊन, दोन्ही अंगठ्यांनी तो ते फिल्मवर दाबून धरत.

“तिळाएवढं मागं चालते. ज्वारीएवढं नाही चालत.”

हे त्यांचं माप. मोताळ्याकडचा एक बाप मला आठवतो. त्याला कुठल्यातरी डॉक्टरनं मान मोडली म्हणून सांगितलं होतं आणि नागपूरला न्यायला निघाला होता. सरांनी दोरा ताणला, “टेकलं” म्हणाले, म्हणजे कमान दोऱ्याला लागून होती, आणि पोराला खाली उतरवलं. “घरी ने. साहेबांले खेळू दे.”

बाप हलेना. “डॉक्टरसाहेब, नागपूरले मोठी मशीन आहे म्हणते. आन तुमी दोऱ्यानं पाह्यता?”

“मशीनीनंच पाह्यलं ना बापा. दोऱ्यानं फकत इचारलं, की मशीन काय म्हणून राह्यली.”

तो गेला, पण बसस्टँडवर चहा पिऊन परत आला आणि पुन्हा एकदा दोरा धरायला लावला. सरांनी धरला. “टेकलंच आहे. जागा बदलली नाही चहा पेऊन.”

रिपोर्टात त्यांनी ‘नॉर्मल’ हा शब्द कधी लिहिला नाही. ‘आजच्या फिल्मवर मोड दिसत नाही’ असं लिहीत, आणि ‘आजच्या’खाली रेघ. रजिस्टरात लहान पोरांसाठी दोन वेगळे रकाने त्यांनी हातानं आखलेले. एक ‘दोरा’. दुसरा ‘अंगठा’, म्हणजे पोराला दोन्ही हातांनी आपला अंगठा दाबायला सांगायचा. फिल्म स्वच्छ असून आतली नस दुखावलेली असू शकते म्हणून. दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण झाल्याशिवाय पोर दाराबाहेर जायचं नाही. आणखी एक त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलेलं होतं: “जे लेकरू आपलं डोकं आपल्याच हातानं धरून बसते, त्याले कोणी हलवायचं नाही. ते नाटक नाही करून राह्यलं. त्याले माह्यीत असते.”

मला हे सगळं माहीत होतं, एवढ्यासाठी सांगतोय.

दिवाळीनंतरचे दिवस होते. सुलतानपूरला त्यांच्या बहिणीचे यजमान वारले, तेरवीसाठी सर दोन दिवस गेले. सेंटर पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. जाताना रजिस्टर माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाले, “आता हे तुह्यं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कॉलेजमधला मित्र आला होता. अकोल्यात मोठ्या हॉस्पिटलला लागला होता. गाडीला दोन तास होते म्हणून माझ्याकडे टेकला. सरांच्या दोऱ्याची गोष्ट मीच त्याला आधी कधीतरी हसत हसत सांगितली होती. आल्यापासून तो तेच धरून बसला. “कुठाय तो दोरा? आणि ज्वारी कोणती लागते रे, हायब्रीड की गावरान?”

तेवढ्यात ती आली. चार वर्षांची, नाव जया. गाव अमडापूर, पण दिवाळीला आईवडिलांबरोबर नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात मामाकडे आलेली. ट्रॉलीत कापूस भरला होता, पोरं वर चढून उड्या मारत होती, ही डोक्यावर खाली आली. बरोबर वडील होते. पोरगी रडत नव्हती. बाकावर बसली होती आणि दोन्ही हात गालांना लावून तिनं डोकं धरलं होतं. मला वाटलं, रुसली आहे.

फिल्म मीच काढली. गोधडी ठेवली. भिंतीला हात लावला नाही. टेबलावरही ती हात सोडेना, म्हणून ते मी सोडवले.

फिल्म काचेवर लावली. दुसरा मणका तिसऱ्यावर पुढे. मित्र मागून वाकून बघत होता. “हं, आता काढा दोरा, वैदूबुवा.”

माझ्या खिशात दोरा होता. सरांनी मला वेगळा कापून दिला होता. मी खिशात हात घातला नाही. म्हणालो, “दोरा कशाला? या वयात सरकतोच. दिसतंय ना सरळ.” मित्रानं मान डोलावली. मला तेवढंच हवं होतं. रिपोर्टवर लिहिलं, ‘नॉर्मल’. अंगठाही दाबायला लावला नाही, कारण त्यासाठी मित्राला आत सोडून बाहेर बाकापाशी उकिडवं बसावं लागलं असतं. वडिलांना म्हणालो, काही मोडलेलं नाही, आखडली आहे. ती गेल्यावर रजिस्टर उघडलं आणि दोन्ही रकान्यांत खुणा केल्या.

मोडलेलं नाही म्हटल्यावर त्यांनी तेच केलं जे कोणीही केलं असतं. मामाच्या गावात आखडलेली मान बसवून देणारा एक मालिशवाला होता. त्यानं तेल लावलं आणि मान ओढली. त्या क्षणी तिचा डावा हात आणि डावा पाय गेला. अकोल्याला नेलं. तिथं मोठ्या तपासणीत निघालं की दुसऱ्या मणक्याची कमान मोडलेली आहे. जीव वाचला. पाय पुढे महिन्यांनी चालता झाला. हात पूर्ण कधीच आला नाही.

अकोल्याहून सरांना फोन आला. मी समोरच होतो. “हाव… हाव… आमच्याच इथला,” एवढंच ते बोलले. मग रजिस्टर उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मला विचारलं, “दोरा धरला होता?”

“हो सर.”

“किती होतं?”

इथे मी थांबू शकलो असतो. म्हणालो, “दोऱ्याला टेकलं होतं.”

त्यांनी रजिस्टर मिटलं. फिल्म आमच्याकडे नव्हती. ती घरचे घेऊन जातात. सर म्हणाले, “लेकरू घरी आलं की जाऊ.”

पोरीला घरी आणल्यावर आम्ही अमडापूरला गेलो. खामगावात बस बदलून. तिचे वडील वांगी-मिरच्यांची बाग करत. अंगणात मिरच्या वाळत होत्या. आम्हाला बघून ते उठले, पण बसा म्हणाले नाहीत.

“तुमच्या कागदावर लिवलं होतं ना, काही नाही म्हनून? म्हनून तं आम्ही मालिश केली! डॉक्टरनं मोडलं म्हटलं असतं तं म्या त्याले हात लावू देल्ला असता का?”

“नाही,” सर म्हणाले. “चूक मालिशवाल्याची नाही, तुमचीही नाही. कागद माह्या सेंटरचा. चूक माही.”

सर एका मोठ्या माणसाला ‘तुमची’ म्हणाले, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी बाजूला उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या दृष्टीनं मी सरांची पिशवी धरणारा. खरं म्हणजे माझ्या हातात पिशवीच होती, पपईची.

सरांनी फिल्म एकदा बघायला मागितली. “फिल्म नाही भेटणार,” वडील म्हणाले. “ते ठेवली म्या. तेवढीच आहे माह्यापाशी.” सरांनी पुन्हा मागितली नाही. ओसरीवर जयापुढे ते उकिडवे बसले. “बाईसाहेब, रागावल्या का?” तिच्या मानेला पट्टा होता. तिनं उजव्या हातानं त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली ओढला. त्यांनी अंगठा पुढे केला, डावीकडे. तिनं दाबायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, “शाबास,” आणि बराच वेळ अंगठा तिथेच ठेवला.

परतीच्या बसमध्ये ते एकदाच बोलले. “चांगलं हाड कोणाच्या ओढण्यानं असं मोडत नाही. म्हणजे त्या दिवशी मोडलेलंच होतं. आन दोऱ्याले टेकलं होतं.” थोड्या वेळानं, “म्हणजे दोरा खोटं बोलते बे.”



दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याच्या डबीतला दोरा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. मग जुनी रजिस्टरं काढली. ज्या ज्या पोरांना दोऱ्यावर घरी पाठवलं होतं त्यांची नावं काढायला सुरुवात केली. “किती लेकरं असतीन बे?” पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. मजकूर एकच: साहेबांची मान कशी आहे, हात-पाय चालतात का, कळवावे. सरांचं अक्षर कोणाला वाचता येत नसे, म्हणून ती कार्डं मी लिहिली. दोन महिने, रोज दुपारी, ते रजिस्टरातून गाव वाचत आणि मी पत्ते लिहायचो. ज्या दोऱ्यात काही खोट नव्हती त्याची चौकशी मी माझ्या सुवाच्य अक्षरात चार तालुक्यांत पाठवत होतो.

उत्तरं आली. सगळी ठीक होती. एका बापानं लिहिलं होतं, ‘साहेबांची मान चांगली आहे, फक्त पुस्तकाकडे वळत नाही.’ ते कार्ड वाचून सर हसले आणि मला वाटलं, आता ड्रॉवर उघडतील. त्यांनी कार्ड गठ्ठ्यात ठेवलं. “जे ठीक आहे ते लिहिते. ज्याले हात नाही तो कशानं लिहीन?”

त्यानंतर त्यांनी एकाही पोराची मान वाचली नाही. बघायचे, फिल्म खाली ठेवायचे, “अकोल्याले ने” म्हणायचे. तिळाएवढं असलं तरी अकोल्याला. मालगाडीसाठी भिंतीला हात लावायचे, तेवढं राहिलं. गावात बोललं जाऊ लागलं की सरांची नजर गेली. डॉक्टरांनी पोरं पाठवणं बंद केलं, मग मोठेही. दीड वर्षात त्यांनी मशीन विकलं.

मला चिखलीत नोकरी लागावी म्हणून त्यांनी एक चिठ्ठी दिली. त्यात दोनच वाक्यं होती. दुसरं असं, ‘रजिस्टर चोख ठेवतो.’

आता चिखलीत माझं स्वतःचं सेंटर आहे. सगळं कॉम्प्युटरवर. रेघ ओढायची तर बोटानं ओढता येते, आकडा आपोआप येतो. लहान पोराची मान असली की मी बाहेर जाऊन उकिडवा बसतो आणि अंगठा देतो. हे चांगुलपणानं करत नाही. न करता बसवत नाही.

तीन महिन्यांपूर्वी एक तरुण मुलगी मनगटाचा एक्स-रे काढायला आली. जिन्यावरून घसरली होती. डावा हात आधीपासूनच आखडलेला. अमडापूरला ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करते म्हणाली, एका हातानं, पण दोन हातवाल्यांपेक्षा लवकर. नाव वाचलं तेव्हा मला कळलं. तिला मी आठवण्याचं कारण नव्हतं. तिच्या पिशवीत जुने कागद होते आणि पिवळ्या पाकिटात एक फिल्म.

“बाबा म्हणत, हे फेकू नको, याच्यात एका डॉक्टरची चूक आहे,” ती म्हणाली. “आता बाबाच नाही राह्यले. मी कायले घेऊन फिरू? तुमच्याकडे शिकणारे येतात ना, त्यायले दाखवा.”

“तुम्हाला त्या डॉक्टरांचा राग येत नाही?” मी विचारलं.

“मले? नाही. एक म्हातारे डॉक्टर घरी आल्ते. मले बाईसाहेब म्हणे. तेवढंच आठवते. राग बाबाले होता.” मग हसून म्हणाली, “नंतर मले कोणी बाईसाहेब म्हटलं नाही ना.”

मी तिच्या मनगटाचा रिपोर्ट लिहिला. ‘आजच्या फिल्मवर मोड दिसत नाही.’ आणि ती पायऱ्या उतरून गेली.

दार लावून मी जुना काचेचा दिवा माळ्यावरून काढला. फिल्म लावली. औषधांच्या पुडक्याचा दोरा तोडला, दोन अंगठ्यांनी दाबून धरला. दुसऱ्या मणक्याची कमान दोऱ्यापासून मागे होती. ज्वारीएवढी, आणि ज्वारीही टपोरी. कोणालाही दिसली असती. मालिशवाल्याच्या आधीच्या दिवशीची ती फिल्म, त्यावर माझ्या हातची तारीख. दोरा खोटं बोलला नव्हता.

सर अजून आहेत. नांदुऱ्यातच, मुलाकडे. ऐकू कमी येतं म्हणतात, नजर चांगली आहे. या तीन महिन्यांत मी दोनदा खामगावपर्यंत गेलो आणि परत आलो.

सरांना मी ही फिल्म देणं लागतो, आणि तिच्याबरोबर एवढं, की दोरा मी धरलाच नव्हता. जयाला मी देणं लागतो ते तिच्या वडिलांनी ठेवलेल्या चुकीखालचं खरं नाव. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही. फिल्म माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे.